उन्हाचा हिशेब

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि आठवड्यातून तीन-चार रात्री, साडेदहानंतर, घोड्यावर असते. आईचं अंथरूण घालून झालं, मधलं दार लोटून घेतलं, की वरच्या खोलीतल्या टेबलाशी बसते आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधल्या त्या अमेरिकन माळरानावरून निघते. गोळ्या फारशा झाडत नाही. नदीकाठी थांबते, डोंगरापलीकडून पाऊस येताना बघते, घोड्याला खरारा करते. दिवसभर कोकण भवनात बसून दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासायची. रात्री आपलाही थोडा प्रवास व्हावा, एवढीच माफक अपेक्षा.

तर या दिवाळीच्या सवलतीत मी एक नवा खेळ घेतला. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’. लहानपणी त्या टोपीवाल्या प्राध्यापकाचे सिनेमे पाहिलेले, त्यामुळे मोह आवरला नाही. रात्रभर लावून तो उतरवून घेतला, सकाळी सुरू केला, आणि पडद्यावर चार ओळी आल्या. तुमच्या ग्राफिक्स कार्डात रे ट्रेसिंगची सोय नाही, सबब खेळ चालणार नाही. चित्र अडखळत चालेल, रंग फिके दिसतील, असलं काही नाही, दारातूनच परत. पैसे दोन दिवसांत परत मिळाले. प्रश्न मात्र परत करता येईना. कार्ड बदलायचं का?

माझं कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, सहा जीबीचं. जुलै २०१६मध्ये ते बाजारात आलं, मी २०१७मध्ये घेतलं, सहाव्या वेतन आयोगाच्या कुठल्याशा उरल्यासुरल्या फरकातून. पुढे कित्येक वर्षं, २०२२च्या अखेरीपर्यंत, स्टीमवर खेळणाऱ्यांच्या पाहणीत जगभर सर्वांत जास्त आढळणारं कार्ड हेच होतं. म्हणजे मी काही उंची चीज घेतली नव्हती. मध्यमवर्गाने मध्यमवर्गासारखंच कार्ड घेतलं होतं.

हे कार्ड नेमकं करतं काय, असं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, तेव्हा मी त्याला आमच्याच मजल्याचा दाखला दिला. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे अधिकारी. माझ्या यंत्रात असे चार. हुशार, कुठलीही फाईल निकाली काढतील, पण एका वेळी एकेकच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कारकुनांचा हॉल. माझ्या कार्डात १,२८० कारकून आहेत. प्रत्येकाला येतं ते जुजबी गणित, पण सगळे एकदम मान खाली घालून लिहितात. पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा, आणि सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवायचा. सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार नोंदी. आणि त्या हॉलमधला एकही जण चहाला उठत नाही. सहकारी बराच वेळ गप्प बसला आणि मग चहाला गेला.

माझी भाची नेरूळला इंजिनिअरिंग शिकते. तिला फोन केला, तर ती रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊनच आली. कॅबिनेटची बाजू उघडून तिने आत टॉर्च मारला आणि डॉक्टरांसारखं “हं” म्हणाली.

“मावशी, नुसतं कार्ड बदलून भागणार नाही तुझं.”

“का?”

“हा वीज पुरवणारा एसएमपीएस साडेचारशे वॉटचा आहे. आरटीएक्स ५०६० घेतलंस तर कंपनी साडेपाचशेचा सांगते. तो बदल. मग प्रोसेसर. तुझा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. बॉटलनेक होईल.”

बॉटलनेक म्हणजे गच्चीवर दोन अश्वशक्तीची मोटर आणि खाली न्हाणीत अर्ध्या इंची नळ. पाणी वर कितीही चढवा, बादली भरायची त्याच वेगाने. मला हव्या असलेल्या खेळाची किमान यादी मी मग नीट वाचली. त्यात प्रोसेसरही दहाव्या पिढीचा मागितला होता. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलायचा, कारण जुन्या खोबणीत नवा बसत नाही. मदरबोर्ड बदलला की रॅम बदलायची, कारण तिचाही नमुना बदलला. शिवाय विंडोज. माझी १०वी आवृत्ती, तिचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११वी माझ्या प्रोसेसरला ओळखच देत नाही. तिची यादी आठव्या पिढीपासून पुढे. त्याच ऑक्टोबरात एनव्हिडियानेही माझ्या पिढीच्या कार्डांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर काढणं थांबवलं. घरातल्या दोघांना एकाच महिन्यात सेवानिवृत्तीची पत्रं. कार्डाला निदान निवृत्तिवेतन आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहतील.

रॅमचा भाव विचारला आणि भाचीने कपाळाला हात लावला. मागच्या दोन-तीन महिन्यांत तो भडकला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं जगभरची मेमरी उचलताहेत, कारखाने आधी त्यांना माल देतात, आणि उरलेला आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतो. आमच्या बेलापूरहून हार्बरच्या गाडीने पुढे निघालं की खारघर, मानसरोवर, खांदेश्वर आणि चौथं पनवेल. तिथे योट्टाच्या डेटा सेंटरमध्ये याच एनव्हिडियाच्या एच-१०० चिप आहेत, एकेकीवर ८० जीबी मेमरी. माझ्याकडे सहा. माझ्या रॅमचा भाव कुठे चढतो, हे बघायला मला कॅलिफोर्नियात जायला नको, चार स्टेशनं पुरेत.

भाचीने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली. तीस हजारांपासून सुरू झालेली गोष्ट नव्वद हजारांवर गेली. “आणि मॉनिटर?” मी विचारलं. “तो साठ हर्ट्झचा आहे ना,” ती म्हणाली, “मग साठच्या वरच्या फ्रेम तुला दिसणारच नाहीत. तो पण…” मी वही मिटली.

तरी एका शनिवारी मी गेलेच. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, ग्रँट रोड. तिथल्या संगणक-बाजाराच्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते पाटीवर असतं. लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. केबलांची भेंडोळी, कॅबिनेटचे रिकामे खोके, हातगाडीवर प्रिंटर. २०१७ साली मी इथूनच पाच दुकानांतून पाच भाग घेऊन यंत्र असेंबल करून घेतलं होतं. दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं आणि आपुलकीने विचारलं, “बच्चा कितने साल का है, मॅडम?”

“सैंतालीस,” मी म्हटलं.

तो एक क्षण थांबला, मग मनापासून हसला, आणि त्यानंतर मला ग्राहकासारखं वागवू लागला. त्याने दुकानातल्या यंत्रावर एक दृश्य लावलं. जुनी खोली, फरशीवर टेबल, खिडकीतून तिरपं ऊन. एक कळ दाबली की रे ट्रेसिंग बंद, पुन्हा दाबली की सुरू. बंद असताना खोली छानच होती. सुरू केल्यावर ती खोली राहिली नाही, दुपार झाली. उन्हाचा पट्टा फरशीवर पडून तिथला तांबूस रंग टेबलाच्या खालच्या अंगाला लागला होता. पाण्याच्या पेल्याची सावली मधोमध उजळ होती. मी त्याला ती कळ चारदा दाबायला लावली.

जुन्या पद्धतीत ऊन म्हणजे रंगकाम. कलाकार आधीच ठरवतो की या भिंतीवर सकाळ आहे, आणि ती सकाळ भिंतीवर रंगवून टाकतो. बघणारा पुढे सरकला तरी सकाळ तिथेच. रे ट्रेसिंगमध्ये डोळ्यापासून एकेक किरण उलटा सोडतात. तो कशावर आदळतो, तिथून कुठे वळतो, शेवटी दिव्यापर्यंत किंवा सूर्यापर्यंत पोचतो की मध्येच अडतो, हे मोजतात. वाटेत अडला तर सावली. टर्नर व्हिटेड या संशोधकाने १९८०मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा काचेच्या गोळ्यांचं एक चित्र काढायला संगणकाला तासाहून अधिक वेळ लागला होता. २०१८मध्ये आरटीएक्स कार्डं आली आणि घरच्या संगणकात हे काम सेकंदात कित्येकदा होऊ लागलं. म्हणजे मला अडवणारी गोष्ट ताकद नव्हती. माझ्या १,२८० कारकुनांना ऊन मोजता येत नव्हतं.

“सांगते,” असं म्हणून मी निघाले. दुकानदाराला हा शब्द मराठीतही कळतो. मी जाता जाता तो म्हणाला, “पुराना है ना, पहले साफ करवाओ. आधा गेम तो धूल खा जाती है.”

दुसऱ्या दिवशी रविवार. डिसेंबरची सकाळ. आई अंगणात खुर्ची घेऊन उभी होती, आणि तिला ती ठेवायला जागा सापडत नव्हती.

आता घराबद्दल सांगायला हवं. आम्ही सेक्टर ८मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. वसाहत चार्ल्स कोरिया यांची, सिडकोसाठी १९८३ ते १९८६च्या दरम्यान उभी राहिली. नवी मुंबईच्या कल्पनेतही कोरिया होते. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी १९६५मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराचा आराखडा मांडला, आणि १९७०मध्ये सिडको स्थापन झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं ते तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. आमची वसाहत त्यानंतरची. साडेपाच हेक्टरांच्या आसपास जमीन, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, आणि एकही लिफ्ट नाही. भूखंड ४५ चौरस मीटरपासून ७५पर्यंत. गरिबाचा आणि बऱ्या स्थितीतल्याचा, दोघांच्या भूखंडांत फरक एवढाच. सात घरं मिळून एक अंगण, आठ मीटर गुणिले आठ मीटर. असे तीन गट मिळून बारा मीटरचा चौक. तसे तीन चौक मिळून वीस मीटरचा. मग ओढा.

कोरियांची खरी मेख निराळीच होती. त्यांनी प्रत्येक घराला स्वतःच्या भिंती दिल्या. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. उद्देश हा, की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी नको, कुणाची भिंत हलायला नको. आज एक खोली, मुलगा मोठा झाला की दुसरी, मुलीच्या लग्नाआधी वर एक. घर म्हणजे असेंबल केलेला संगणक. बाबांना ही गोष्ट फार आवडायची. “आपलं घर अजून पूर्ण झालेलं नाही,” असं ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. त्यांनी वरची एक खोली चढवली, तीत आता माझा घोडा राहतो.

बाकीच्यांनीही वाढवली, पण वाढवण्याआधी बहुतेकांनी पाडली. कौलं उतरली, कॉलम उभे राहिले, स्लॅब पडले. मूळ कौलारू घरं आता शोधावी लागतात. परदेशातून वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, हातात जुने फोटो, आणि गल्लीत उभे राहून हळहळतात. मला त्यांचा थोडा राग येतो. दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी तीन मजले चढवले, कारण त्यांच्या दोन्ही मुलांची लग्नं झाली आणि सुना माणसंच आहेत, त्यांना खोल्या लागतात. वाढायचा हक्क त्यांना कोरियांनीच दिला होता. तो त्यांनी वापरला.

फक्त ते काम या पावसाळ्याआधी संपलं, आणि हा पहिलाच हिवाळा. आई सकाळी अकराला गुडघ्यांना तेल लावून उन्हात बसते. वीसेक वर्षांचा नेम. त्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, अंगणात ऊन नव्हतं.

मी तीच वही काढली, भाचीच्या बेरजेचं पान उलटलं आणि एक किरण सोडला. आईच्या खुर्चीपासून, उलटा, दक्षिणेला, सूर्याकडे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम अठ्ठेचाळीस अंश वर येतो. तीन मजली घर साधारण नऊ मीटर उंच. त्याची मध्यान्हीची सावली आठ मीटरांच्या थोडी पलीकडे जाते. अंगण आठ मीटर. किरण तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर अडला. मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येईल तेव्हा अंगणभर ऊन असेल, पण तेव्हा आईला ते नको असेल.

कागद-पेन्सिलीने केलेलं माझं हे पहिलं रे ट्रेसिंग. एका किरणाला चार मिनिटं लागली.

त्या वेळी ठेकेदाराचाही प्रस्ताव माझ्याकडे होताच. “ताई, शेजारचं काम चालू असतानाच करून टाकायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नाही. पाया नवा घेऊ, वर दोन मजले काढू. तुमचं ऊन तुम्हाला गच्चीवर.” आई गुडघे घेऊन गच्चीवर कशी चढणार, हे त्याने विचारात घेतलं नव्हतं. पण मी एक दुसरी गोष्ट बघितली. आमच्या घराच्या उत्तरेला दुसरं सात घरांचं अंगण आहे. तिथे एक निवृत्त गृहस्थ गुलाबाच्या कुंड्या सांभाळतात आणि उन्हाबरोबर त्या हाताने सरकवत राहतात. मी नऊ मीटरवर गेले तर माझी सावली नेमकी त्यांच्या कुंड्यांवर. कोरियांनी भिंती वेगळ्या दिल्या, त्यामुळे आम्ही एकमेकांना धक्का न लावता वाढू शकतो. आकाश मात्र वेगळं करून देता येत नाही.

पडद्यावरचं ऊन खोटं आणि अंगणातलं खरं, असला निवाडा मला करायचा नाही. रात्री साडेदहाला, दिवसभर आकडे पाहून थकलेल्या डोळ्यांना ते माळरान जेवढं देतं, तेवढं फार थोड्या गोष्टी देतात. दुकानातल्या त्या तिरप्या उन्हाची आठवण अजून येते. ते विकत घ्यायचं की नाही, याचं उत्तर उन्हाच्या खरेखोटेपणात नव्हतं. ते सापडलं सावलीत. कुठलीही वाढ केली की ती कशावर तरी पडते. कशावर, ते आधी बघून घ्यायचं.

म्हणून मी ऑफिसच्या सवयीने टिपणी लिहिली. विषय: ग्राफिक्स कार्ड बदलणेबाबत. विजेचा मुद्दा तपासला. जुनं कार्ड १२० वॉटचं, नवं १४५चं, रोज दोन तास धरले तर महिन्याला दीड युनिटाचा फरक. या कारणावर नकार लिहिता येणार नाही. सध्या खेळत असलेले सगळे खेळ जुन्या कार्डावर चालतात. घोड्याच्या खेळाच्या निर्मात्यांनी तर शिफारशीच्या रकान्यात माझंच कार्ड लिहिलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०चा, तोही सुखाने चालतो आणि अजून अर्धा खेळायचा आहे. उलट ज्या खेळांना नवं कार्ड लागतं, त्यांना प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस सगळंच लागतं. म्हणजे कार्डाचा प्रस्ताव कार्डापुरता नाही. तो चालू स्थितीतली चार यंत्रं भंगारात काढण्याचा आहे. भाचीने सुचवलेलं जुन्या बाजारातलं आरटीएक्स ३०६० याच कारणाने बाद. सबब प्रस्ताव तूर्त दप्तरी दाखल. पुनर्विचार ऑक्टोबर २०२८मध्ये, किंवा जुनं कार्ड जळाल्यास त्याआधी. सही.

ठेकेदाराच्या प्रस्तावावर टिपणी लिहिली नाही. त्याला फोनवर “नको” म्हटलं.

मग दुकानदाराचा सल्ला अमलात आणला. कार्ड बाहेर काढलं. पंख्यांच्या पात्यांवर आठ वर्षांची धूळ, गादीतल्या कापसासारखी. ब्रशने ती काढली, चार स्क्रू सोडवले, चिपवरची थर्मल पेस्ट खडूसारखी सुकली होती ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि वाटाण्याएवढी नवी लावली. साडेतीनशे रुपयांची नळी. आधी घोडा दौडवताना तापमान ८४ अंशांवर जायचं आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. आता ७१वर थांबतं, आणि खालच्या खोलीत आईला आवाज जात नाही.

आईची खुर्ची मी वीस मीटरच्या चौकात नेली आहे. तिथे दक्षिणेची घरं लांब आहेत, ऊन अकरापासून दीडपर्यंत मिळतं. घरापासून ते अंतर बावन्न पावलं. आईच्या पावलांनी ब्याण्णव.